आधी कोनशिला

झरीकर सरांच्या ऑफिसात नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला पहिलं काम दिलं ते कोनशिलेचं. इमारतीचा नकाशा झाला नव्हता, जागेची मोजणी झाली नव्हती, जागा नेमकी कोणती यावरूनच दोन पुढाऱ्यांचं फाटलेलं होतं. पण कोनशिला ठरली होती. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वर कमळाची नक्षी. संभाजीनगरहून वास्तुकलेची पदवी घेऊन आलेला मी दिवसभर संगणकावर नावं वरखाली करत बसलो. संध्याकाळी मला हसू आवरेना.

"हसू नको बाबा," सर म्हणाले. "परभणीत इमारतीवरून कुणी भांडत नसतं. भांडण होतं ते नावांवरून. कुणाचं वर, कुणाचं खाली, कुणाच्या आधी 'मा.' आणि कुणाच्या आधी 'ना.' हे एकदा जुळलं ना, की मग मागं इमारत कशी पण बसते."

त्यांच्या इमारती खरोखरच 'कशी पण' बसलेल्या असत. कोनशिला मात्र ओळंब्यात. आणि तिच्या तळाशी, ठेकेदाराच्या नावापेक्षा थोड्या मोठ्या आणि सरपंचाच्या नावापेक्षा थोड्या लहान अक्षरांत, 'वास्तुविशारद : झरीकर' ही ओळ कधी चुकली नाही. त्या अक्षरांचं माप त्यांनी अनेक वर्षांच्या अनुभवातून काढलेलं होतं. एवढी मेहनत त्यांनी एखाद्या जिन्यावर घेतली असती तर परभणी जिल्ह्यात चार माणसं कमी ठेचकाळली असती.

ऑफिस स्टेशन रोडला, खताच्या दुकानाच्या वर. युरियाचा वास थेट आमच्या टेबलापर्यंत यायचा. सर साठीला आलेले, अंगात सफारी, पायात चेनचे बूट आणि खिशाला तीन पेनं. निळं, काळं, लाल. निळ्यानं ते सही करत, काळ्यानं कोनशिलेचा मजकूर लिहीत आणि लाल पेन माझ्या नकाशांसाठी असे. हातात कायम मोजायचा टेप. हा टेप त्यांनी उघडलेला मी पाहिला नाही. तो फक्त दाखवण्यासाठी होता: "इकडं स्टेज घ्या, तिकडं मुतारी घ्या." बूटही ते कधी काढत नसत. देवळाचा सभामंडप असो की तालमीचा उंबरा, कुणी हटकलं की एकच उत्तर: "साइट आहे ही. साइटवर बूट काढायचे नसतात."

परभणीला चिडवायला लोक म्हणतात, बनी तो बनी, नहीं तो परभणी. आम्हां परभणीकरांना हे ऐकलं की राग येतो. सरांनी मात्र ते धंद्याचं ब्रीदवाक्य करून टाकलं होतं. स्लॅबला पोट आलं, "बनी तो बनी." खिडकी भिंतीबाहेर आली, "नहीं तो परभणी." एखाद्या माणसाला एवढ्या कमी भांडवलात आयुष्य काढता येतं याचा मला तेव्हा अचंबा वाटायचा. आता नुसता संताप येतो.

त्यांची कीर्ती होती ती क्रीडासंकुलांबद्दल. आजूबाजूच्या तालुक्यांतली निम्मी संकुलं त्यांचीच. त्यातल्या एका तालुक्याच्या गावचं मैदान मी नोकरीला लागण्याआधीच झालं होतं, आणि ते बघायला मी मुद्दाम गेलो होतो. सरांनी तिथं आधी काय बसवलं असेल? व्यासपीठ. तेही असं, की बक्षीस समारंभाच्या वेळी मावळतीचं ऊन पाहुण्यांच्या पाठीवर यावं. म्हणजे ते खेळाडूंच्या थेट डोळ्यांत. मग व्यासपीठाच्या पुढं पाहुण्यांच्या गाड्या. मग गाड्यांना वळायला जागा. हे सगळं झाल्यावर उरलेल्या जमिनीत धावपट्टी बसेना, तेव्हा सरांनी तिला एका अंगाला कोपरा काढला. घराला असतो तसा कोपरा. जगात धावपट्ट्या खूप असतील, कोपरा असलेली आमच्याकडेच असावी.

त्या कोपऱ्यावर आतल्या बाजूला एक कडुलिंबाचं झाड आहे. पोरं पळत येतात, डाव्या हातानं झाडाला धरतात, एक गिरकी घेतात आणि तशीच पुढं सुटतात. झाडाची साल तेवढ्या उंचीवर पार गुळगुळीत झाली आहे. तिथले खेळाचे शिक्षक मला म्हणाले, "सर, आमची पोरं जिल्ह्याला पळायला गेली की वळणावर त्यांचा डावा हात आपोआप बाहेर जातो. झाड धुंडाळतात बिचारी." मी ही गोष्ट झरीकर सरांना सांगितली. मला वाटलं, निदान शरमतील. ते खूश झाले. "बघ," म्हणाले, "झाड वाचवलं ना आपण?"

आता दुसरी गोष्ट. ती हसण्यावारी नेता येत नाही. मानवतकडच्या एका गावात निजामाच्या काळातली शाळा होती. हातभर जाडीच्या भिंती, पाच कमानी, चुन्याचा गिलावा. तिच्या दुरुस्तीचं काम आम्हाला मिळालं. पाहणीला गेलो तेव्हा सरांनी भिंतीचा एक पोपडा नखानं काढला, चिमटीत चुरला आणि चक्क जिभेवर ठेवला. डोळे मिटून क्षणभर उभे राहिले.

"गूळ घातलाय यात," ते म्हणाले. "बेलफळाचं पाणी पण. घाणीतला चुना हाय हा, बैलानं फिरवलेला. ही भिंत श्वास घेती बाबा. हिच्यावर सिमेंट मारशील तर आतली ओल आत राहील आणि दोन पावसाळ्यांत भिंत फुगल."

मी थक्क झालो. आमच्या कॉलेजात हे शिकवायला दिल्लीहून माणूस आला होता, आणि त्यानं काही चुना चाटला नव्हता. मला वाटलं, चला, या माणसात काहीतरी आहे. परत निघताना सरांनी ठेकेदाराला बोलावलं आणि सांगितलं, "सिमेंट मारा. वरून गुलाबी ऑइलपेंट. कमानींना सोनेरी पट्टा."

गाडीत मी विचारलं, "सर, आत्ता तर तुम्ही म्हणालात…"

"चुना वाळायला महिने लागतात. पालकमंत्री थांबत नसतात बाबा. भिंत थांबती."

भिंत थांबली नाही. दोन पावसाळ्यांत फुगली, गुलाबी रंगाचे फोड आले, वर्गातली पोरं बाकं भिंतीपासून लांब ओढून बसायला लागली. फोड दुरुस्त करायचं कामही आमच्याच ऑफिसला मिळालं. ज्याला येत नाही त्याचा मला राग येत नाही. बिचारा शिकला नाही, सोडून देतो. पण ज्याला येतं आणि जो करत नाही, त्याच्याबद्दल माझ्या मनात दयामाया नाही. त्या दिवसापासून मी झरीकर सरांना मनातल्या मनात सर म्हणायचं सोडलं.

पावसाळ्यात, खताच्या दुकानात गर्दी असली आणि आमच्याकडे काम नसलं, की ते खालून भजी मागवत आणि एक कथा लावत. आपण तरुणपणी एका गावात कुस्त्यांचं मैदान बांधलं, चुन्यात, घडीव दगडाचं, सिमेंटचा कण न वापरता. तसं मैदान मराठवाड्यात दुसरं नाही, वगैरे. "कुठल्या गावी?" असं विचारलं की भजी तोंडात टाकत. मी ही कथा 'आमच्या वेळी तुपाला काय भाव होता' या सदरात टाकली होती. प्रत्येक नाकर्त्या माणसाकडे एक असा तरुणपणीचा पराक्रम असतो, आणि तो बघायला कधी जाता येत नाही.

मग बोरीच्या पुढच्या एका गावाला कुस्तीचा हॉल मंजूर झाला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांशी मला अजून बोलायचं आहे. गावात एक बारव आहे, पायऱ्यांची जुनी विहीर, आणि तिला लागून उतारावर खोलगट आखाडा. आम्ही जागा बघायला गेलो आणि मी बघतच राहिलो. तीन बाजूंनी दगडी पायऱ्या, एकेक पायरी अशी रुंद की मांडी घालून बसता यावं आणि मागच्याचा गुडघा पुढच्याच्या पाठीत रुतू नये. मध्ये तांबड्या मातीचा हौद. दुपार कलली होती, आणि बारवेच्या उंच भिंतीची सावली बरोबर हौदावर आली होती. मावळतीकडं तोंड करून बसायला पायऱ्याच नाहीत, त्यामुळे ऊन कुणाच्याच डोळ्यांत नाही. पहिलवानांच्या तर नाहीच.

गावचे वस्ताद समोर आले. वय झरीकरांएवढंच असावं, कान कुस्तीनं चपटे झालेले. "रामराम साहेब. तेवढे बूट काढा. जुनी जागा हाय."

"साइट आहे ही," झरीकर म्हणाले आणि बूट वाजवत पायऱ्या उतरले. मी माझे काढले.

"सर," मी हळूच म्हणालो, "काय काम आहे हे! कुणी केलं असेल?"

"मी," ते म्हणाले. "हेच ते." आणि टेप दाखवून पुढं म्हणाले, "हे सगळं मुरूम टाकून भरून घ्यायचं. हॉल इथं. खाली खडक हाय, पाया स्वस्तात होतो. आणि रस्त्यावरून कोनशिला दिसती."

यातलं कुठलं वाक्य जास्त किळसवाणं हे मला ठरवता येईना. पहिल्यावर तर माझा काडीचा विश्वास बसला नाही.

गावानं विरोध केला. म्हणून क्रीडा विभागाचे एक अधिकारी आले आणि त्या पायऱ्यांवरच बैठक भरली. गाव अनवाणी पायऱ्यांवर, अधिकारी प्लास्टिकच्या खुर्चीत, झरीकर बुटांसह उभे.

वस्ताद उठले. "साहेब, हे निजामाच्या काळचं हाय. दुष्काळ पडला तवा सरकारनं बारवेचा गाळ काढायचं काम काढलं. म्या सोता टोपलं वाहिलंय. निस्ते घडीव दगड निघायले होते गाळातून. मंग आमी समदं गाव ऊसतोडीला गेलो. माघारी आलो तर समद्या पायऱ्या मोकळ्या झालेल्या. एवढं जुनं बुजवून तुमी पत्र्याचा हॉल करायलाव व्हय?"

अधिकारी सरळ माणूस होते. म्हणाले, "पुरातन असेल तर मला हात लावता येणार नाही, पुरातत्त्ववाल्यांना कळवावं लागेल. हॉल दुसरीकडं न्यावा लागेल. झरीकर सर, तुमचं काय म्हणणं?"

"निजाम कसला घेऊन बसलात!" झरीकर हसले. "मोकळ्या झाल्या नाहीत वस्ताद, बसवल्या. दगड गाळातले, बारवेच्या पडक्या भिंतीचे. पण पायऱ्या मी केल्या. माझं पहिलं काम आहे हे. पुरातन-बिरातन काही नाही. खुशाल बुजवा."

खरं धरलं, तर आपलं आयुष्यातलं एकमेव चांगलं काम हा माणूस हसत हसत मातीत घालायला निघाला होता, का, तर रस्त्यावरून कोनशिला दिसावी. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

 मग वस्तादांनी अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, त्यो तालुक्याचा पळायचा टरॅक कुणी केला?"

"मीच."

"त्याला कोपरा हाय. याला कुटं हाय कोपरा?"

सगळा आखाडा हसला. अधिकाऱ्यांनी रुमाल तोंडाला लावला. मागून कुणीतरी ओरडलं, "ह्येंनी केलं आसतं तर निस्तं ष्टेज आसतं, आन कुस्ती गटारीत!" मीही हसलो. इतक्या दिवसांचं हसू होतं ते.

झरीकरांचा चेहरा लाल झाला. खरं तर आता गप्प बसायचं, हसू विरू द्यायचं आणि मग अधिकाऱ्याला बाजूला घेऊन काम उरकायचं, ही त्यांची नेहमीची रीत. पण ते तरातरा खाली उतरले, सगळ्यांत खालच्या पायरीवर उकिडवे बसले आणि दगड चाचपू लागले. एका दगडाच्या खाचेत बोटं घालून त्यांनी तो उचलला. आत काळं भोक होतं. बारवेचा गार वारा वर आला.

"पावसाचं पाणी इथून बारवेत जातं," ते ओरडून म्हणाले. "कितीबी पाऊस झाला तरी हौद तुंबत नाही, का सांगा? हा उतार मी दिलाय! हातानं दिलाय, पाणी ओतून ओतून!"

"ते जागेचा गुण हाय," वस्ताद म्हणाले. "आन ह्यो दगड मोजमाप करताना घावला आसंल तुमाला."

"अहो, मोजमाप कोण करतंय!" झरीकर कळवळून म्हणाले. हे खरंच होतं. टेप उघडलाच नव्हता. "उन्हाचा लय अभ्यास केला वस्ताद. सावली कुठं पडती बघायला मी रोज इथं येऊन बसायचो. मग झालं सगळं, तर उद्घाटनाला कुणी यायला तयार नाही. दुष्काळात कोण येतंय? कोनशिलाच लागली नाही. म्हणून तुमाला… म्हणून कुणालाच…"

वाक्य तिथंच राहिलं. हॉल, मुरूम, पालकमंत्री हे सगळं ते विसरून गेले होते. साठीचा माणूस हातात दगड धरून गावाला विनवत होता, की हे चांगलं मी केलं आहे एवढं म्हणा. गाव काही म्हणायला तयार नव्हतं. माझा मात्र विश्वास बसला. "सर खरं सांगतायत," मी म्हणालो, पण माझ्यासारख्या पोरसवदा माणसाचं तिथं कोण ऐकतंय?

अधिकाऱ्यांनी मात्र त्या भोकाकडे नीट पाहिलं होतं. ते म्हणाले, "सर, मला पटतंय तुमचं. असं करा, लेखी द्या. हे बांधकाम माझं, अमुक काळातलं, पुरातन नाही. एवढं द्या, मी उद्या मुरूम टाकायला सांगतो. काम तुमचंच आहे, मिटलं."

झरीकरांनी दगड जागेवर ठेवला. तो बसेना, तेव्हा तळव्यानं दाबून नीट बसवला. उठले, हात झटकले, खिसा चाचपला.

"पेन नाही," ते म्हणाले.

तीनही पेनं खिशाला होती. निळं, काळं, लाल. मला दिसत होती, अधिकाऱ्यांनाही दिसत असणार. त्यांनी आपलं पेन पुढं केलं. तोवर झरीकर पाठ फिरवून पायऱ्या चढायला लागले होते. अधिकारी थोडा वेळ पेन धरून बसले, मग म्हणाले, "बरं. मग जुनंच समजू या." पायऱ्यांवरून एकच जल्लोष झाला. वस्तादांनी दंड थोपटला.

परतताना गाडी झरीकरांनीच थांबवायला सांगितली. बोरीला चहा घेतला. बशीत ओतून फुंकर मारत म्हणाले, "हॉल आता काळ्या रानात जाईल. रस्त्यावरून कोनशिला दिसायची नाही." एवढंच. मी वाट बघत होतो की हा माणूस आता तरी काहीतरी माणसासारखं बोलेल. त्यांनी दुसरा चहा मागवला.

याला कुणी मोठेपणा म्हणेल. म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एवढा मोठेपणा होता तर त्या शाळेच्या वेळी तो कुठं होता? हॉल काळ्या रानात गेला, त्याला पाया जेवढा खोल लागतो तेवढा यांनी घेतला नाही, पहिल्याच उन्हाळ्यात रान भेगाळलं आणि भिंतीही. कोनशिला मात्र शाबूत आहे. तिची अक्षरं मीच लावली होती. ते माझं तिथलं शेवटचं काम. नंतर मी पिंगळीला घरीच स्वतःचं ऑफिस थाटलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या गावच्या जत्रेत. कुस्त्यांचा फड रंगला होता, पायऱ्या गच्च भरल्या होत्या, हलगी वाजत होती. वर रस्त्याच्या बाजूला ग्रामपंचायतीनं पत्र्याची पाटी लावली होती : 'निजामकालीन कुस्ती मैदान. चपला-बूट बाहेर काढावेत.' नाव कुणाचंच नाही. झरीकर पाटीपुढं उभे होते. सफारी जुनी झाली होती, हातात टेप नव्हता. पाटी त्यांनी वाचली, मग खालचा कोपरा वाकून बघितला. सवय, दुसरं काय.

मी गर्दीत मागं होतो. हाक मारावी असं वाटलं नाही.

ते पायऱ्या उतरायला लागले तेवढ्यात वस्तादांचं लक्ष गेलं. हौदाच्या कडेवरूनच त्यांनी आवाज दिला, "साहेब, बूट! जुनी जागा हाय."

मला वाटलं, आता येणार. साइट आहे ही. झरीकर पहिल्या पायरीवर थांबले. खाली वाकायला त्यांना त्रास होत होता; शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी एका बुटाची चेन ओढली, मग दुसऱ्याची. बूट उचलून वर पाटीखाली नेऊन ठेवले, सगळ्यांच्या चपलांच्या रांगेत. आणि अनवाणी खाली उतरून, लोकांना सरका सरका म्हणत, सगळ्यांत खालच्या पायरीवर त्या दगडाशेजारी मांडी घालून बसले.